अंगणातला बहावा



फुलझाडांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिले नाव गुलमोहराचे येते. गुलमोहर देखणा आहे. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण तो मादागास्करचा, आणि नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. आपल्याच डोंगरउतारांवर ऐन वैशाखात, कुणी तांब्याभर पाणी न घालता जो पिवळाधमक फुलतो, तो बहावा मात्र आपल्या अंगणाबाहेरच राहतो. ज्या गावात उन्हाळ्यात नळ दोन-तीन दिवसांआड येतो, ज्या घरांत १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून सांगतात, तिथेही हौशी माणूस हंड्यांचा हिशेब करीत गुलाबच जगवीत बसतो. म्हणून ही वकिली.

बहाव्याविषयी पहिली तक्रार असते, ‘बी पेरले, पण उगवलेच नाही.’ तक्रार खरी आहे. हातभर लांबीच्या त्या काळ्या शेंगेत चकत्यांसारखे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात चिकट काळा गर आणि त्यात एक बी. रानात माकडे, कोल्ही, अस्वले गर खातात आणि बी त्यांच्या पोटातून फिरून बाहेर पडते. त्या प्रवासाला टिकेल असे कठीण कवच निसर्गाने त्याला दिले आहे. कुंडीत नुसते पुरले तर पाणी आत शिरणारच कसे? बी काचकागदावर एका बाजूने घासावे, किंवा त्यावर कढत पाणी ओतून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी जी फुगलेली दिसतील ती पेरावीत. उरलेल्यांवर पुन्हा तोच प्रयोग. (गर औषधी असला तरी जुलाबाचा आहे. मुलांना तो चाखायला देऊ नये.)

रोप पावसाच्या तोंडाला, दोन फूट खोल-रुंद खड्ड्यात, भरपूर उन्हात लावावे. पाणी साचणारी जागा टाळावी. काळ्या जमिनीत खड्ड्याच्या तळाशी मुरूम घातलेला बरा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा, पण मुळाशी खोल मुरेल असे पाणी द्यावे. रोज तांब्याभर शिंपडणे ही माया खोटी. तिने मुळे वरच्या वर राहतात आणि झाड कायमचे आपल्या तांब्याचे मिंधे होते. गुरे-शेळ्या याचा पाला सहसा खात नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्चही बेताचाच.

खरा धोका आपल्या उतावीळपणाचा. बियांपासून वाढवलेल्या बहाव्याला फुलायला पाच-सहा वर्षे, कधी अधिकही लागतात. शिवाय चैत्राच्या सुमारास तो पाने गाळून उघडा होतो. ‘वाळला’ म्हणून कुऱ्हाड पडते ती नेमकी बहराच्या तोंडावर! फांदीचे टोक नखाने खरवडून पाहावे. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. पावसाळ्यात हिरव्या अळ्या पाने कुरतडतात. त्या फिकट पिवळसर फुलपाखरांच्या. औषध मारू नये. पाने पुन्हा फुटतात.

सध्या गेल्या वर्षीच्या शेंगा झाडांवर वाळून लोंबत आहेत. रस्त्याकडेच्या एखाद्या बहाव्याखाली पडलेली शेंग उचला, फोडा, बी धुऊन घासून ठेवा. मृग नक्षत्राला अजून अवकाश आहे. तोवर पिशवीत चार पाने फुटलेली असतील.