पोर्चमधली मर्सिडीज
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला ‘छंदाविषयी बोल’ असं सांगण्यात आलंय. माझा छंद म्हणजे एक मर्सिडीज, ई २२०. गेली तीन वर्षं ती आमच्या पोर्चमध्ये आहे आणि माझे बहुतेक रविवार तिच्याखाली जातात. घरी पाहुणे आले की सासूबाई सांगतात, “सूनबाई गाडीखाली आहे. पाय दिसतायत ना, त्यांनाच नमस्कार करा.”

ही श्रीमंतीची गोष्ट नाही, हे आधीच सांगते. एका ओळखीच्या कुटुंबाकडे ही गाडी आठ वर्षं शेडमध्ये पडून होती. भंगारवाल्याने वजनावर भाव केला होता, मी त्याहून थोडे जास्त दिले. पुढे सुट्या भागांवर किती खर्च झाला, तो आकडा आमचे हे पहिल्या रांगेत बसले असताना सांगणार नाही.

हे मॉडेल जर्मनीत १९८४ साली आलं आणि १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या आवारात त्याची जुळणी होऊ लागली. माझी गाडी १९९६ची, आपली दहावीची बॅचही १९९६ची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. कायद्याने ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे आपल्यासारखीच तीही मधल्या वयाची. नवी नाही, आणि कौतुक व्हावं इतकी जुनीही नाही. अशा वयात तपासणी चुकवून चालत नाही, हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको.

उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि आतून गंज धरतो. टाकीतलं पेट्रोल चिकट होतं. रबरी नळ्यांना भेगा पडतात. टायर वरून छान दिसत होते, पण टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर २३०९ होतं, म्हणजे २००९चा तेविसावा आठवडा. आज घरी गेल्यावर आपापल्या गाडीचे आकडे जरूर बघा.

म्हणून मी रंगाला हात लावला नाही. आधी ब्रेक, मग टायर, मग इंजिन. जॅक लावायच्या जागांवरची प्लॅस्टिकची झाकणं काढली, तर मागे गंज. पत्रा कापून नवा जोडून घेतला. त्यावर नुसती लांबी भरून रंग मारला असता तर गाडी चकचकीत दिसली असती, पण जॅकवर उचलताना पत्रा दबला असता. आणि हो, जॅक लावल्यावरही खाली लोखंडी स्टँड ठेवल्याशिवाय मी गाडीखाली जात नाही.

सगळ्यात मजा आली ती लॉकची. या गाडीचं सेंट्रल लॉकिंग हवेवर चालतं. एक छोटा पंप बारीक नळ्यांतून हवा ओढतो किंवा ढकलतो, आणि दारांचे, डिकीचे, पेट्रोलच्या झाकणाचे लॉक हलतात. माझा पंप नुसता घरघरत राहायचा. प्रोग्राममधला बग शोधताना आम्ही निम्मा भाग बंद करून बघतो. इथेही तेच केलं. निम्म्या नळ्या बंद केल्या, मग उरलेल्यातल्या निम्म्या. मागच्या डाव्या दारातला रबरी पडदा फाटलेला निघाला. यात गाडीचा दोष नाही, रबराचं वय झालं होतं. पण त्या रात्री पाचही लॉक एकदम ‘टक्’ वाजले, तेव्हा झालेला आनंद मला वीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच मिळालाय.

हे सगळं मला शिकवलं एका गॅरेजवाल्या काकांनी. आता ते सत्तरीत आहेत. नजर अधू झालीय, पण इंजिनाचा आवाज ऐकून ते सांगतात, “ताई, तिसऱ्या नंबरचा प्लग बघा.” कुठल्या बोल्टला किती जोर लावायचा, हे त्यांच्या मनगटात आहे. पुस्तकात आकडा मिळतो, पण गंजलेला बोल्ट तुटायच्या आधी कसा कुरकुरतो ते पुस्तकात नाही. त्यांच्या गॅरेजमध्ये आज शिकणारं पोरगं एकही नाही. मला खरी काळजी त्याची वाटते. गाडी काय, गेल्या महिन्यात तपासणीत पास झाली.

आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हातात करवत यायची आणि आम्हा मुलींच्या हातात भरतकामाची रिंग. मी इंजिनिअर झाले, पण पाना पहिल्यांदा हातात धरला तो त्रेचाळिसाव्या वर्षी. मात्र गाडीच्या सीटची उसवलेली शिवण मी स्वतः हाताने घातली, आणि ती बाईंनी शिकवलेल्या टाक्याने. काका म्हणाले, “हे आम्हाला कधी जमलं नसतं.” म्हणजे नुकसान मुलांचंही झालं. दोघांनाही दोन्ही शिकवायला हवं होतं.

म्हणून एक सूचना करते. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, हे उद्याच्या बैठकीत ठरणार आहे. प्रोजेक्टर जरूर द्या. पण त्यासोबत एक मजबूत टेबल द्या, पान्यांचा एक संच, पकड, सोल्डरिंगची इस्त्री, आणि सुई-दोराही. गावातून बंद पडलेले मिक्सर, पंखे, सायकली जमा करू आणि आठवी-नववीच्या मुला-मुलींना ते उघडू देऊ. महिन्यातून एक शनिवार मी येईन. काकांना विचारलंय, त्यांनी फक्त एक अट घातलीय: “मला न्यायला त्याच गाडीने या.”

आणखी कोण कोण शनिवार देणार, त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याकडे नाव लिहून द्या.