कॉइल आणि चुंबकामधली फट

गवत कापायच्या यंत्राची दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, प्लग नवा, पेट्रोल ताजं, तरी इंजिन ढिम्म! अशा वेळी फ्लायव्हीलशेजारच्या कॉइलकडे बघावं. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलजवळून झपकन जातं, त्यातूनच ठिणगीची वीज तयार होते. मधली फट वाढली की ठिणगी मरतुकडी. फारच कमी झाली तर लोखंडाला लोखंड घासतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या बऱ्याच लहान इंजिनांत ही फट ०.२५ ते ०.३६ मिलिमीटर असते. आपल्या इंजिनाचं माप पुस्तिकेत बघा.

आधी प्लगची वायर काढा. कॉइलच्या पायांवरचा गंज पॉलिश पेपरने घासा. दोन्ही स्क्रू सैल करून कॉइल मागे सरकवा, एक स्क्रू हलका आवळा. चुंबक समोर आणून मधे त्या मापाची फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. पितळी असेल तर उत्तम, पोलादी गेज चुंबकाला चिकटून वैताग आणते. स्क्रू सोडलात की कॉइल आपोआप खेचली जाते. दोन्ही स्क्रू आवळा आणि फ्लायव्हील फिरवून गेज बाहेर काढा.

गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड! गॅरेजवाले सर्रास तेच वापरतात. इतकं करूनही ठिणगी नसेल, तर इंजिन बंद करायच्या स्विचची वायर कुठे बॉडीला टेकलीय का, ते पाहा.