दुसऱ्याच्या कामाविषयी बोलताना
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिंचणी, तारापूर, वाणगाव, बोईसर या पट्ट्यात घरोघरी डाय कोरण्याचे काम चालते, हे आपणांस सांगावयास नको. पोलादी ठोकळ्यावर नक्षी कोरावयाची आणि तीवर सोन्याचांदीचा पत्रा दाबून दागिन्याचा भाग उठवावयाचा, असा हा धंदा. आपल्यांतील कित्येकांचे संसार त्यावर उभे आहेत. म्हणून त्यातील एका नाजूक प्रसंगाविषयी चार शब्द बोलतो.

गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराची डाय आपल्यापुढे ठेवते आणि म्हणते, "पाहा हो, हे काय काम झाले?" कारागीर परका असला तर आपण तत्काळ मान डोलावतो, ज्ञातिबंधू असला तर तितक्याच तत्परतेने त्याची बाजू घेतो. दोन्ही प्रकारांत समोरची डाय कोणी पाहिलेलीच नसते.

ती आधी नीट पाहावी. तडा गेला असेल तर पोलादाला पाणी देताना चूक झाली असेल. परंतु प्रेसमध्ये ठोकळा तिरपा बसल्यानेही तडा जातो. पत्रा फाटत असेल तर नक्षीची धार फार तीक्ष्ण राहिली असेल, किंवा पत्रा ताव देऊन पुरेसा मऊ केला नसेल. हा दुसरा दोष डाय वापरणाऱ्याचा होय. म्हणून पत्र्याची जाडी किती, दाब किती दिला, हे विचारल्यावाचून मत देऊ नये.

मत द्यावयाचे ते दिसले तेवढ्यापुरतेच. "येथे तडा आहे, एवढे दुरुस्त होईल, एवढे नवे करावे लागेल, खर्च अमुक येईल. तत्पूर्वी ज्यांनी केली त्यांना एकवार दाखवा," इतके सांगितले म्हणजे पुरे. त्या कारागिराची चूक दिसली तर ती त्याला एकांतात कळवावी. मात्र हलके पोलाद वापरून चांगल्याचे दाम घेतल्याचे उघड दिसत असेल, तर गिऱ्हाइकाला खरे सांगावे. तेथे ज्ञातीचा विचार आड येऊ देऊ नये. फसवणूक झाकल्याने ज्ञातीची लाज राखली जात नाही.

आज संगणकावर चालणारी यंत्रेही हीच नक्षी कोरतात. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाणे सोपे झाले आहे. या घरी त्या घराची आणि त्या घरी या घराची निंदा ऐकली, की ते साऱ्या गावाविषयीच साशंक होते आणि पुढचे काम घेऊन निघून जाते. त्यात निंदा करणाऱ्याचेही काम जाते.

आपल्या हाताखाली शिकणारी मुले कोरणे शिकतात, तसे आपले बोलणेही शिकतात. म्हणून माझी नम्र विनंती आहे की, दुसऱ्याच्या कामाची पारख कशी करावी आणि ती कोणत्या शब्दांत सांगावी, हेही त्यांस हत्यार हाती देतानाच शिकवावे.