घरचा संगणक आणि त्याची किल्ली

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंतांचा सत्कार, वधूवर परिचय आणि वसतिगृहाचा हिशेब हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय होत. यंदा कार्यकारिणीने आम्हांस घरातील संगणकावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा कित्येकांस हा विषय या व्यासपीठास परका वाटला असल्यास नवल नाही. परंतु ज्या यंत्रापुढे आपली मुले रोज तासन्‌तास बसतात, त्या यंत्राविषयी समाजाने एकत्र बसून कधी चार शब्द बोलूच नयेत, हे आम्हांस अधिक नवलाचे वाटते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीस पुन्हा टाळेबंदी लागली. त्या दिवसांत ज्या घरी संगणक नव्हता त्या घरी तो आला. कोणी कापसाच्या पैशांतून आणला, कोणी हप्त्यांवर आणला. आला तो बहुधा एकच. त्याच एकावर थोरल्याची बारावीची शिकवणी, धाकटीचा गृहपाठ, वडिलांचा पीकविम्याचा अर्ज आणि आजोबांचे कीर्तनश्रवण चालू लागले. शाळा उघडल्या, टाळेबंदी सरली; घाईघाईत लावलेली ती व्यवस्था मात्र अनेक घरांत तशीच राहिली. संगणकात खाते एकच, ते वडिलांच्या नावाचे, आणि त्याचा पासवर्ड सर्वांस ठाऊक.

येथेच आमच्या आजच्या सांगण्याचा गाभा आहे. मुलांवर नियंत्रण कसे ठेवावे, असे पालक आम्हांस विचारतात. पण आधी त्या यंत्राची सत्ता कोणाच्या हाती आहे, हे विचारावयास हवे. संगणकात दोन प्रकारची खाती असतात. एकास ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. त्यास नवे कार्यक्रम बसविण्याचा, काढण्याचा, इतरांची खाती उघडण्याचा व मिटविण्याचा अधिकार असतो. दुसरे साधे खाते. त्यास काम करता येते, कारभार करता येत नाही. आपल्या पुष्कळ घरांत संगणक खोक्यातून काढून चालू केला तो चौदा वर्षांच्या मुलाने, कारण इतर कोणास ते जमत नव्हते. साहजिकच कारभारी तोच झाला. वाड्याच्या सर्व कुलपांच्या किल्ल्या ज्याच्या करदोट्याला आहेत, त्यालाच ‘अमुक खोलीत जाऊ नकोस’ असे बजावण्यात काय अर्थ? उद्या कोणी बाहेरून पैसे देऊन नियंत्रणाची व्यवस्था लावून घेतली, तरी कारभारी खाते मुलाकडे असेतोवर ती त्यास दोन मिनिटांत काढून टाकता येते.

म्हणून पहिले काम हे, की कारभारी खाते आईवडिलांपैकी एकाने, शक्यतो दोघांनी, आपल्याकडे घ्यावे आणि त्याचा पासवर्ड बदलावा. तो मुलाच्या जन्मतारखेचा अथवा आपल्या मोटारसायकलच्या क्रमांकाचा नसावा. ही दोन्ही गुपिते घरात कोणालाही ठाऊक असतात. त्यानंतर प्रत्येक मुलास त्याच्या नावाचे साधे खाते काढून द्यावे. मे महिन्यात मामाच्या घरी भाचरे येतात. त्यांच्यासाठीही एक वेगळे खाते असावे, म्हणजे आजोबांच्या खात्यावर बसून कोणी काय पाहिले याचा वाद उरणार नाही. यात वडिलांचाही लाभ आहे. बँकेचे व्यवहार ज्या खात्यावर होतात त्याच खात्यावर मुले खेळत असली, तर जतन करून ठेवलेल्या कार्डावरून खेळातली शस्त्रे नि पोशाख विकत घेतले जातात. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला खरा; तथापि खेळातील वस्तूंची खरेदी ही निराळी बाब आहे, आणि तेथे राखण आपली आपणच करावयाची आहे.

पुढील व्यवस्था यंत्रातच आहे, तीस वेगळा पैसा पडत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये खात्यांच्या सदराखाली कुटुंबाची सोय आहे. आपले मायक्रोसॉफ्टचे खाते पालक म्हणून आणि मुलाचे खाते त्याच्या खऱ्या वयानिशी नोंदविले, की कोणत्या दिवशी किती वेळ संगणक चालावा, रात्री किती वाजता मिटावा, कोणत्या वयाचे खेळ उघडावेत, हे ठरविता येते. अयोग्य संकेतस्थळे गाळण्याची सोयही आहे. मात्र ती मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये चालते आणि इतर प्रचलित ब्राउझर बंद ठेवते, हे लक्षात असू द्यावे. नाहीतर ‘क्रोम का उघडत नाही’ म्हणून पोराने तक्रार केली, की वडील चिडून सगळेच काढून टाकतात. मुलास अधिक वेळ हवा असल्यास तो मागणी पाठवू शकतो आणि पालक ती आपल्या मोबाइलवरून मान्य करू शकतात. अॅपलच्या संगणकात हीच सोय ‘स्क्रीन टाइम’ या नावाने असते. वय लिहिताना मात्र खोटे लिहू नये. दहा वर्षांच्या मुलाचे वय अठरा लिहून खाते उघडणारे पालकच असतात, आणि त्या क्षणी सगळी कुंपणे आपण होऊन मोडून पडतात. आणखी एक गोष्ट: विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुना संगणक असल्यास जाणत्यास तो दाखवून घ्यावा.

ही यंत्रे सर्व करतील, असे मात्र कोणी मानू नये. शेजाऱ्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेतला की घरच्या वायफायवर लावलेली गाळणी निरुपयोगी होते. मित्राच्या घरी तर आपले काहीच चालत नाही. अकोल्यास शिकवणीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलावर अमरावतीहून किंवा दर्यापूरहून कोण किती लक्ष ठेवणार? तेथे जे चालेल ते घरी लागलेल्या वळणावरच चालेल. याकरिता संगणकाची जागा हीदेखील नियंत्रणाइतकीच महत्त्वाची आम्ही मानतो. पूर्वी रेडिओ बैठकीत असे आणि तो सारे घर ऐके. संगणकही बैठकीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत असावा. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांकडे धावतो आणि सगळे घर कूलरपुढे गोळा होते. त्या दिवसांत संगणकही तेथेच न्यावा. ज्या पोरांना दुपारी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्यांना उन्हाळ्यातही शाळेच्या दिवसांइतकाच एक तास देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. सुटीचे वेळापत्रक सुटीचेच असावे.

आपल्याच विभागातील एक दाखला येथे आठवतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे निराळा मार्ग धरला गेला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरदर्शन व मोबाइल मिटविले जावेत, असे ठरले. दोन्ही गावांची तळमळ सारखीच. पण आम्हांस वडगावचा भोंगा अधिक पटतो, कारण तो लहानांइतकाच थोरांसाठीही वाजतो. जेवणाच्या ताटावर स्वतः बोटाने पडदा सरकवीत बसलेल्या बापाचा नियम मुलगा किती दिवस पाळील? ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई झाली आहे. आपल्याकडेही २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरविली. राज्यसंस्था आपले काम करो. घरातील एका संगणकाचा कारभार करावयास दिल्लीहून कोणी येणार नाही.

आता जे बोलावयाचे आहे ते काहींस कडू लागेल, पण आपल्या माणसांपुढे नाही बोलावे तर कोठे बोलावे? नियंत्रण हा शब्द उच्चारला की आपल्या अनेक घरांत डोळ्यांपुढे मुलगीच येते. मुलगा रात्री एक वाजेपर्यंत बंदुकीचे खेळ खेळतो, त्यास ‘पोरगा आहे’ म्हणून सोडले जाते. मुलगी मैत्रिणीशी अर्धा तास बोलली तर तिची पत्रे उघडली जातात, तिचा पासवर्ड भावाच्या हाती दिला जातो. यास आम्ही संरक्षण म्हणणार नाही. ही पाळत आहे, आणि तिचा हेतू मुलीचे भले हा नसून चार लोक काय म्हणतील ही धास्ती हा आहे. दोन खाती, एक वय, तर नियम एकच असले पाहिजेत. आणि ते चोरून लावू नयेत. कोणत्या गोष्टी बंद केल्या, किती वेळ दिला, अहवालात आपणांस काय दिसते, हे मुलास व मुलीस समोर बसवून दाखवावे. दहाव्या वर्षी लावलेले कुंपण चौदाव्या वर्षी थोडे मागे सरकावे, सोळाव्या वर्षी आणखी, आणि अठरावे लागताच काढून घ्यावे. तारखा आधीच सांगून ठेवल्या की मूल वाट पाहते. सांगितल्या नाहीत की पळवाट शोधते.

चोरून पाळत ठेवण्याचा खरा धोका निराळाच आहे. परक्या माणसाने गोड बोलून मुलीचे किंवा मुलाचे छायाचित्र मिळविले आणि पुढे धमकावून पैसे मागू लागला, असे प्रकार आज घडतात. मुलगेही त्यात सापडतात, हे पालकांनी विसरू नये. अशा वेळी मूल घरात कोणाजवळ बोलेल? ‘संगणक काढून घेतील, शाळा सोडवतील, लग्न लावून देतील’ हे भय ज्या घरात आहे, तेथे ते कोणाजवळच बोलत नाही, आणि धमकावणाऱ्यास नेमके तेवढेच हवे असते. म्हणून प्रत्येक आईने आजच घरी जाऊन एवढे सांगावे, की असे काही घडले तर आधी मला सांग, तुझ्यावर कोणी रागावणार नाही. पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत. तेच पुरावा होत. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे आणि तो मूल स्वतःही फिरवू शकते. हे दोन्ही क्रमांक गॅसच्या क्रमांकाशेजारी भिंतीवर लिहून ठेवावेत.

आपल्या वसतिगृहातील अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी येत्या दिवाळीच्या सुटीत अमरावती व अकोला येथे दोन-दोन रविवार यासाठी देण्याचे मान्य केले आहे. ज्यांना ही व्यवस्था लावून घ्यावयाची आहे त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे, आणि येताना संगणक, त्याचा चार्जर व ज्या मुलाने आजवर तो सांभाळला त्यासही सोबत आणावे. जुना पासवर्ड बहुधा त्यासच ठाऊक असेल.