वॉलेटमधला आकडा

महालात आमच्या वस्तीतल्या पोट्ट्यांसमोर बोललो होतो, तेच इथे लिहून देतोय.

मॅचच्या दिवशी बडकस चौकात उभं राहून बघा. पोट्टे स्कोअर कमी अन् वॉलेट जास्त बघून राहिले असतात. म्हणून आज वॉलेटबद्दलच बोलू.

२०२३ची आपल्या नागपूरची केस आठवते? एका व्यापाऱ्यानं ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गमावल्याची तक्रार केली. व्हॉट्सॲपवर लिंक आली होती. सुरुवातीला तो जिंकला, तेही थोडं नाही, सुमारे ५ कोटी. मग हरत गेला. पोलिसांनी गोंदियात आरोपी बुकीच्या घरावर धाड टाकली, तेव्हा कोट्यवधींची रोकड अन् किलोंनी सोनं सापडलं. लोक ५८ कोटींवर अडकतात. मला ते ५ कोटी महत्त्वाचे वाटतात.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, तर मला काय दिसतं ते सांगतो. तुमच्या वॉलेटमध्ये ५,००० दिसतात, म्हणजे कुठंतरी सर्व्हरवर डेटाबेसच्या एका रकान्यात ५००० लिहिलंय. बस. ते ५०,००० करायला एक ओळ पुरते. बँकेतही आकडाच असतो, मान्य. पण तिथे रिझर्व्ह बँकेचे नियम असतात, ५ लाखांपर्यंत ठेवीचा विमा असतो. असल्या ॲपमध्ये आकड्यामागे फक्त ॲपवाल्याची मर्जी. तुम्हाला जिंकवणं त्याला फुकटात पडतं. सुरुवातीला थोडे पैसे खरंच खात्यात पाठवतो, तो त्याचा जाहिरातखर्च समजा.

हे मी शहाणपणानं बोलत नाहीये. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला मी स्वतः कलरवाल्या ॲपवर होतो. लाल की हिरवा, दर मिनिटाला एक डाव. मला वाटलं, आपलं गणित पक्कं आहे. १०० लावायचे, हरलो तर २००, मग ४००. एकदा जिंकलो की सगळं वसूल! सलग आठ वेळा कोण हरतं बे?

मी हरलो. आठ डावांत २५,५००. नववा डाव २५,६००चा होता अन् खात्यात तेवढे नव्हते. अगदी प्रामाणिक नाण्यानंही सलग आठ हरण्याची शक्यता २५६ मध्ये १ असते, आणि ॲपवर तासाला ६० डाव होतात. वरून कोणत्या रंगावर जास्त पैसे लागलेत हे सर्व्हरला निकालाआधीच दिसतं. सेमिस्टरच्या फीचे पैसे होते ते. बाबांना सांगायला मला चार महिने लागले. ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावायचे खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं हा त्यात गुन्हा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या कॉन्टेस्ट बंद केल्या, पण टेलिग्रामवरच्या लिंका येतातच. अन् "मीच आत जाईन" या भीतीनं पोरं गप्प बसतात.

बोलणं संपल्यावर एक जण मागे थांबला. म्हणे, "दादा, वॉलेटमध्ये ३२,००० आहेत. काढायला आधी ४,००० टॅक्स भरा म्हणतात. भरू का?"

नाही. टॅक्स कोणी असा यूपीआयवर मागत नाही. एक रुपया भरू नको. ॲप डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढ, यूपीआयचे व्यवहार क्रमांक लिहून घे अन् १९३० ला फोन लाव, आत्ताच. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. झोप उडाली असेल, डोक्यात नको ते विचार येत असतील, तर १४४१६, टेलिमानस. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

त्यानं विचारलं, "घरी सांगावं लागेल का?"

मी म्हटलं, चल, मी येतो सोबत.