परतफेड पुढच्या मुलीला

आज आम्ही बोलणार आहोत डॉक्टर होणाऱ्या मुलींबद्दल. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांचा त्याच्याशी काय संबंध? आम्हीही आधी असंच म्हणायचो.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी दोन वर्षांपूर्वी नीट परीक्षेत चांगले गुण मिळवून सरकारी मेडिकल कॉलेजात लागली. आमच्या गावातली ही पहिलीच. शाळेत सत्कार झाला, पेढे वाटले. मेस, प्रवास आणि पुस्तकांसाठी ताईंनी गटातून कर्ज घेतलं. आम्हाला वाटलं, आपलं काम झालं. आता पोरगी डॉक्टर होऊनच येणार.

दिवाळीच्या आधी एका रात्री तिचा फोन आला, "आई, मला घरी घेऊन जा." वर्गात भराभर इंग्रजीतून शिकवलेलं डोक्यात उतरत नव्हतं. पहिल्या चाचणीत ती नापास झाली होती. गावात पहिली येणारी मुलगी तिथे शेवटच्या बाकावर बसून रडत होती.

ताईंनी बैठकीत हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. हप्ता थकला तर काय करायचं ते आम्हाला माहीत आहे. पण शरीररचनाशास्त्रात नापास झालेल्या मुलीला काय सांगायचं? कुणी म्हणालं, घेऊन या घरी. कुणी म्हणालं, लोक काय म्हणतील, राहू द्या तिथेच. दोन्हीपैकी एकाही सल्ल्याने तिचं काही भलं होणार नव्हतं.

मार्ग निघाला तो अचानक. आमच्या गटांच्या रक्त तपासणी शिबिराला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम येतात. त्यांच्यापाशी विषय निघाला, तर त्या त्याच कॉलेजात शिकलेल्या! त्यांनी मुलीचा नंबर घेतला आणि रविवारी तिला फोन केला. पहिलंच वाक्य बोलल्या, "अगं, मीही याच विषयात नापास झाले होते." मुलगी नंतर आम्हाला म्हणाली, "त्या एका वाक्यानं मी थांबले."

मग मॅडमनी तिला आधी कोणतं पुस्तक वाचायचं ते सांगितलं. रोज दहा शब्द अर्थासकट लिहून पाठ करायला लावले. वरच्या वर्गातल्या एका मुलीशी गाठ घालून दिली. त्या मुलीने आपला हाडांचा संच हिला दिला. पहिल्या वर्षाला हाडं हातात घेऊनच अभ्यास करावा लागतो. सुट्टीत ही तो संच घरी घेऊन आली, तर आजीने पिशवी ओसरीवरच ठेवायला लावली. चार दिवस आजी त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी स्वतःच विचारलं, "यातलं गुडघ्याचं कुठलं गं? माझा दुखतो तो?"

ताई संचाचे पैसे द्यायला गेल्या, तर मॅडम म्हणाल्या, "तिने घेतले नाहीत ना? मग राहू द्या. मलाही माझ्या सीनिअरने असाच दिला होता. तुमच्या मुलीने तो पुढच्या मुलीला द्यायचा."

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? आपला फिरता निधी असाच चालतो. एकीने फेडलेले पैसे दुसरीच्या शेळीला लागतात, तिने फेडलेले तिसरीच्या शिलाई मशीनला.

डॉक्टर बायांमध्ये ही रीत फार जुनी आहे. १८६९ साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठात काही मुलींनी डॉक्टरकीला प्रवेश घेतला. पुढे त्या सातजणी म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांतली एक एडिथ पीची. रसायनशास्त्राच्या परीक्षेत तिने असे गुण मिळवले की एक मानाची शिष्यवृत्ती तिलाच मिळायला हवी होती. ती बाई म्हणून नाकारली. १८७० मध्ये या मुली परीक्षेला निघाल्या तेव्हा जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. शेवटी विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही. मरणोत्तर पदवी दिली ती २०१९ मध्ये.

पण त्या घरी बसल्या नाहीत. त्यांच्यातल्या सोफिया जेक्स-ब्लेक यांनी पुढाकार घेतला आणि १८७४ मध्ये लंडनमध्ये बायांसाठी वेगळं मेडिकल कॉलेज उभं राहिलं. आपल्याला बंद झालेलं दार मागून येणाऱ्या मुलींना तरी उघडं मिळावं, म्हणून. एडिथ पीची दुसऱ्या देशांत परीक्षा देऊन डॉक्टर झाल्या आणि १८८३ मध्ये मुंबईला आल्या. कामा हॉस्पिटलची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

त्याच मुंबईत रखमाबाई होत्या. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या. सासरी नांदायला जाणार नाही म्हणाल्या, म्हणून नवऱ्याने कोर्टात खेचलं. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढच्या वर्षी तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या. मोकळं झालेल्या बाईने पुढे काय करायचं? तेव्हा डॉक्टर पीचींनी त्यांना डॉक्टर होण्याचं बळ दिलं, मदत मिळवून दिली. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, त्याच बायांच्या कॉलेजात. १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेला आणि मग राजकोटला बायांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं. डॉक्टर पीची १९०८ मध्ये वारल्या. त्यांच्या पतीने त्याच कॉलेजात मुलींसाठी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. जिला शिष्यवृत्ती नाकारली, तिच्याच नावाने इतर मुली शिकल्या.

आता आपण काय करायचं?

एक. आपल्या तालुक्यातले डॉक्टर कोणत्या कॉलेजात शिकले ते विचारून वहीत लिहून ठेवा. दवाखान्यात गेलं की सहज विचारता येतं. मुलीला प्रवेश मिळाला की पहिल्या महिन्यातच तिची त्या कॉलेजच्या डॉक्टरांशी ओळख करून द्या. आमच्यासारखी रडण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका.

दोन. त्यांच्याकडे पैसे मागू नका, वेळ मागा. महिन्यातून एक फोन. त्याला नाही म्हणणारे डॉक्टर आम्हाला अजून भेटले नाहीत.

तीन. सरकारी सवलत सोडू नका. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना डॉक्टरकीसारख्या शिक्षणाची फी आणि परीक्षा फी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. दाखले आधीपासून काढून ठेवा. मेस, पुस्तकं आणि प्रवास मात्र उरतोच. तिथे गटाचं कर्ज उपयोगी पडतं.

चार. मुलीने घरी ने म्हटलं, तर रागावू नका आणि लगेच आणूही नका. आधी तिच्याच वाटेने गेलेल्या कुणाशी तरी तिचं बोलणं करून द्या.

आमच्या ताईंची मुलगी पहिलं वर्ष पास झाली. दुसरं वर्ष सोपं नाही, अजून बरीच वाट बाकी आहे. ताईंचे चार हप्ते राहिलेत, ते त्या शेतमजुरीतून फेडताहेत. पण मागच्या महिन्यात मुलीने तो हाडांचा संच शेजारच्या तालुक्यातून आलेल्या एका नव्या मुलीला दिला. पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी आम्ही गटाच्या वहीत ते लिहून ठेवलं. रक्कम शून्य, परतफेड पूर्ण.