दोन टिटव्या

दिल्लीजवळच्या सुलतानपूर जलाशयाकाठी पाऊल टाकताच बहुधा टिटवीची कर्कश आरोळी कानी पडते. ही ताम्रमुखी टिटवी. हिचे डोके, गळा व छाती काळी असून डोळ्यामागून एक पांढरा पट्टा मानेवर उतरतो. डोळ्यापुढील मांसल भाग तांबडा असतो.

तिची जवळची आप्त पीतमुखी टिटवी पाण्यापासून दूर, कोरड्या माळावर राहते. ती चणीने थोडी लहान. मस्तकावर काळी टोपी, तिला पांढरी किनार, छाती मातकट आणि चोचीच्या मुळाशी लोंबणारी पिवळी पाळी. पाय दोघींचेही पिवळेच. तेव्हा केवळ पायांवरून ओळख ठरवू नये.

दोघीही उघड्या जमिनीवरील खळग्यात बहुधा चार अंडी घालतात. ती मातीच्या रंगात मिसळून जातात, हेच त्यांचे संरक्षण. कडक उन्हात हे पक्षी पोटाची पिसे भिजवून आणतात व अंडी थंड राखतात.

येथून पुढे मात्र दोघींचे दैव निराळे होते. ताम्रमुखी शेतात, उद्यानात, क्वचित सपाट गच्चीवरही अंडी घालते. पीतमुखीला मोकळा माळच लागतो. सुलतानपूरच्या पाणथळीला २०२१ साली रामसर यादीत स्थान मिळाले. माळाची नोंद मात्र आपण ‘पडीक’ अशी करतो आणि त्यावर इमारती उभारतो. एखाद्या जमिनीला पडीक म्हणण्यापूर्वी, तेथे कोणाची अंडी आहेत हे वाकून पाहावे, एवढीच विनंती.